शाबास, खांदा बसला!

दिवाळी सरली, ज्यांच्याकडे अजून शेते उरली आहेत त्यांचे भात घरात आले, की आमच्या पनवेल तालुक्यातल्या गावांना कबड्डीचे वेध लागतात. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, आणि तशी जागा शिल्लक नसेल तर शाळेच्या पटांगणात, बांबूंच्या माच्या उभ्या राहतात. दिव्यांचे झोत पडतात. ध्वनिक्षेपकावर समालोचकाचा घसा रात्री नऊला जो सुटतो तो पहाटे दोन-तीनपर्यंत थांबत नाही. हा देखावा मला फार प्रिय आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचून मला खेळाचा वैरी ठरवण्याची घाई पुष्कळांना होईल. मी वैरी नव्हे. वीस-बावीस वर्षे मी या मैदानांवर पंच म्हणून शिट्टी फुंकली आहे, आणि पौषातल्या थंडीत गावच्या बायांनी आणून दिलेला चहा पीत पीत अंतिम सामने संपवले आहेत.

या मैदानांवर एक आरोळी ऐकू येते. चढाईला गेलेला पोरगा पाच जणांच्या ढिगाखालून बाहेर निघतो तेव्हा त्याचा एक हात अंगापासून फटकून लोंबत असतो. खांद्याची गोलाई नाहीशी होऊन तेथे एक कोपरा उभा राहिलेला असतो आणि तोंडाचा रंग उडालेला असतो. मग संघातला कोणी जाणता पुढे होतो, पोराला उताणे निजवतो, त्याच्या काखेत आपली टाच रोवतो आणि मनगट धरून ओढतो. खट् असा आवाज होतो. पोरगा उठतो, हात दोनदा गरगर फिरवून दाखवतो, आणि माच्यांवरची माणसे एका सुरात ओरडतात, "शाबास, खांदा बसला!" समालोचक त्यावर वाघ, सिंह, पोलाद वगैरे चार उपमा चढवतो. मिनिटाभरात पोरगा पुन्हा मध्यरेषा ओलांडून 'कबड्डी, कबड्डी' म्हणत निघालेला असतो.

या आरोळीविरुद्ध मला लिहायचे आहे. माझे म्हणणे असे की ज्याला आपण त्या पोराचे शौर्य म्हणतो ती बहुतेक वेळा आपली हाव असते. तिला शौर्य हे नाव दिले की तिचा खर्च आपल्या अंगावर पडत नाही. तो त्या पोराच्या नावावर, पुढच्या चाळीस वर्षांसाठी, मांडला जातो.

हे मी काठावर उभा राहून बोलत नाही. २०१७ सालच्या हिवाळ्यात एका गावच्या सामन्यात मी पंच होतो. उपांत्य फेरी, दोन गुणांचा फरक, शेवटची पाच-सहा मिनिटे. चढाईला आलेला पोरगा एकोणीस वर्षांचा, ज्या गावांच्या जमिनी विमानतळात गेल्या त्यांपैकी एका गावचा. उजव्या कोपऱ्याने त्याचा पाय धरला, बाकीचे अंगावर आले, आणि मध्यरेषेला बोट टेकवण्यासाठी त्याने उजवा हात होता नव्हता तेवढा पुढे टाकला. त्या ताणलेल्या हातावर कोणाचा तरी गुडघा आला. पुढचे सारे वर सांगितल्याप्रमाणे घडले. टाच, ओढ, खट्, आरोळी. मी जवळ गेलो आणि विचारले, "खेळणार का रे?" तो म्हणाला, "हो सर." मी शिट्टी वाजवली.

त्याच्या संघाच्या बाकावर पाच बदली खेळाडू बसलेले होते. कबड्डीत बारा जणांचा संघ असतो तो उगीच नसतो. मी नुसते बोट दाखवले असते तरी त्यांतला एक आत आला असता. मी प्रश्न विचारला, आणि तोही ज्याच्या अंगात अजून त्या वेदनेची थरथर होती आणि ज्याच्या कानांत सारे गाव शिट्ट्या घालीत होते, अशा पोराला. त्याला 'नाही' म्हणायला जागाच कोठे ठेवली होती?

तो सामना त्यांनी जिंकला. त्याच मोसमात त्याचा खांदा आणखी दोनदा उतरला. पुढच्या वर्षी निवड चाचणीत उतरला. त्यानंतर त्याला खेळाची गरज राहिली नाही. एकदा झोपेत कूस बदलताना उतरला, एकदा सदरा घालताना. पहिले क्ष-किरण चित्र निघाले ते पाचव्या की सहाव्या खेपेनंतर. डॉक्टरांनी सांगितले की खोबणीचे हाड झिजले आहे, आता नुसते शिवून भागणार नाही. संघाने वर्गणी काढायचे ठरवले. ठरवले एवढेच.

त्याला पोलिसांत जायचे होते. शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीचे गुण ५०. त्यांतले २० सोळाशे मीटर धावण्याचे, १५ शंभर मीटरचे, आणि १५ गोळाफेकीचे. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा. पायांत त्याच्या वारा होता. धावण्यात तो कोणाला हरला नसता. गोळा त्याने फेकला तेव्हा गोळ्याबरोबर खांदाही गेला. आज तो उरण रस्त्यावरच्या एका गोदामात कंटेनरचे कागद तपासतो. ओझे उचलण्याचे काम त्याला कोणी देत नाही आणि त्याने ते घेऊही नये. त्या रात्री समालोचकाने ज्याला पोलादाचा म्हटले होते तो हाच.

थोडे शरीराविषयी बोलू, कारण आपल्याकडे खांदा 'बसला' या शब्दानेच सगळी फसगत केली आहे. शाळेतली लिंबू-चमचा शर्यत आठवा. खांद्याचा सांधा म्हणजे जवळजवळ ते लिंबू आणि तो चमचा. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा, त्याला टेकायला मिळालेली खोबण उथळ. म्हणूनच हात वर, खाली, मागे, चोहीकडे फिरतो. खुब्याचा सांधा खोल वाटीत बसलेला असतो, त्याला असे फिरता येत नाही. या उथळ चमच्याला कडेने कूर्चेची एक कड लावलेली असते आणि तिला धरून स्नायुबंध असतात. हात बाजूला ताणलेला असताना मागे खेचला गेला की गोळा पुढच्या बाजूने निसटतो आणि जाताना ती कड उपटून नेतो. लंडनचे शल्यचिकित्सक बँकार्ट यांनी १९२३ साली या उपटलेल्या कडेकडे बोट दाखवले. तिला आजही त्यांचेच नाव आहे. १९४० साली हिल आणि सॅक्स या दोघांनी दुसरी गोष्ट सांगितली. निसटलेला गोळा खोबणीच्या काठावर आपटून त्याला खोक पडते. आता हात ओढून गोळा जागेवर आणता येतो, हे खरे. पण कड आपोआप शिवली जात नाही आणि खोक भरून येत नाही. घराचे दार बिजागरीतून निघाले आणि आपण ते उचलून चौकटीला टेकवून ठेवले, तर दार बसले असे म्हणू का? प्रत्येक खेपेला काठ थोडा आणखी झिजतो. शेवटी अशी वेळ येते की खांद्याच्याच पुढच्या भागातला हाडाचा तुकडा कापून तेथे पाचर म्हणून बसवावा लागतो; ही शस्त्रक्रिया फ्रान्समधल्या लिआँ येथील लातार्जे यांनी १९५४ साली सांगितली.

म्हणजे वारंवार उतरणारा खांदा ही एकच दुखापत पुन्हा पुन्हा होणे नव्हे. प्रत्येक वेळी ती आधीपेक्षा वाईट असते. आणि खरा निर्णय पहिल्या वेळीच होत असतो. कार्टर रो या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी १९५६ साली उतरलेल्या पाचशे खांद्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. विशीच्या आतल्या शंभरांतल्या त्र्याऐंशी जणांचा खांदा पुन्हा उतरला होता. चाळिशीच्या पुढच्यांत हे प्रमाण शंभरात सोळा एवढेच. तारुण्य सारे काही सोसते ही आपली आवडती समजूत आहे. खांद्याच्या बाबतीत नेमके उलटे आहे. जितका पोरगा कोवळा तितका धोका मोठा. आणि आपल्या गावच्या संघांत भरणा कोणाचा असतो? सतरा, अठरा, एकोणीस.

कोणी म्हणेल, ही सारी पाश्चात्त्यांची नवी विद्या, आमच्या मैदानावरच्या जाणत्याला ती कोठून ठाऊक असणार? तर तेही खरे नाही. टाच काखेत घालून ओढण्याची आमची पद्धत ग्रीकांच्या हिपोक्रेटिसाच्या ग्रंथात आहे. त्याच ग्रंथात हेही आहे की ज्यांचा खांदा असा वारंवार निसटतो त्यांतल्या पुष्कळांना, इतर सर्व बाबतींत लायक असूनही, व्यायामाचे खेळ सोडावे लागले आणि युद्धात ते निरुपयोगी ठरून प्राणास मुकले. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने उपाय म्हणून काखेत तापलेल्या लोखंडाचे डाग द्यायला सांगितले. उपाय अघोरी खराच, पण आजार ओळखण्यात त्याची चूक नव्हती. आणि घरचाच दाखला हवा असेल तर सुश्रुत आहे. खांद्याचा सांधा सुटला तर काखेत मुसळ देऊन तो वर उचलावा, आणि जागेवर आला की स्वस्तिकाच्या आकाराच्या पट्टीने बांधावा, असे सुश्रुत संहितेत स्पष्ट सांगितले आहे. १८७२ पासून आयुर्वेदाची औषधे जेथे तयार होतात त्या पनवेलात तरी हे मी नव्याने सांगायची गरज पडू नये. आम्ही काय केले? सुश्रुताचे मुसळ तेवढे उचलले आणि पट्टी फेकून दिली. कारण मुसळ मारले की पोरगा लगेच चढाईला जातो आणि पट्टी बांधली की बाकावर बसतो.

कबड्डी हा खेळ खांद्यावर विशेष रागावलेला आहे, हे खेळणाऱ्यांना सांगायला नको. चढाई करणाऱ्याचे सांगितलेच. मध्यरेषेकडे लांबवलेला हात हे त्याचे सर्वांत मोठे शस्त्र आणि सर्वांत उघडी जागा. पण पकड करणाऱ्यांचेही तेच. दोघे हातात हात गुंफून साखळी करतात आणि अंगात वेग आलेला गडी त्या गुंफलेल्या हातांवर छाती देऊन धडकतो. हात मागे फेकले जातात, खांदे नेमके ज्या कोनात उतरतात त्याच कोनात. धडक मारून गडी मैदानाबाहेर काढणारा तर खांदाच पुढे करतो. बायकांच्या सामन्यांत यात तिळमात्र फरक नसतो. फरक एवढाच की तिचा खांदा उतरला तर आरोळीही उठत नाही, आणि घरचे तिला दुसऱ्या दिवसापासून खेळू देत नाहीत.

जिद्दीचे पोवाडे गाणाऱ्यांना मला एक विचारायचे आहे. हा पोरगा विश्रांती का घेत नाही, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय? त्याला वेदना होत नाहीत म्हणून नव्हे. त्याची जागा जाईल म्हणून. सुशील कुमारसारखा, दोन ऑलिंपिकांत पदके मिळवलेला मल्ल २०१५ साली खांद्याच्या दुखापतीमुळे जागतिक स्पर्धेच्या निवड चाचणीला मुकला. त्या वजनगटात लास व्हेगासला गेला तो आपला तीन वेळचा महाराष्ट्र केसरी नरसिंग यादव, आणि त्याने कांस्यपदकाबरोबर रिओची जागाही आणली. पुढच्या वर्षी सुशीलने नवी चाचणी मागितली, प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले आणि तेथेही त्याला नकार मिळाला. नरसिंगने ती जागा घामाने मिळवली होती, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण एवढ्या मोठ्या मल्लाची जागा एका खांद्यापायी जाते हे आमच्या गावच्या पोराने पाहिले आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी त्याला प्रमाणपत्र हवे असते. प्रमाणपत्रासाठी निवड हवी. निवडीसाठी या मोसमात, याच महिन्यात, मैदानात दिसणे हवे. त्याला जिद्द म्हणणे सोयीचे आहे. मी त्याला धास्ती म्हणतो.

उलट बाजूही पाहा. पवन सेहरावत या चढाईपटूला २०२२ साली प्रो कबड्डीत २ कोटी २६ लाखांना घेतले आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. तो सबंध मोसम बाहेर बसला. कोणी त्याला टाच लावून उभा केला नाही. पुढच्या वर्षी त्याला २ कोटी ६० लाखांहून अधिक बोली लागली. म्हणजे ज्याच्या अंगात कोणाचा तरी पैसा गुंतलेला आहे त्याच्या सांध्याची किंमत बरोबर कळते. गावच्या पोराच्या खांद्यात फक्त त्याचा स्वतःचा जन्म गुंतलेला असतो.

आता आक्षेप. मी हे बोललो की एक ज्येष्ठ खेळाडू हमखास उठतात आणि म्हणतात, "आम्ही मातीत खेळलो, आम्हाला काही झाले नाही." त्यांतले दोघे मला ठाऊक आहेत, नमस्कार करताना दोघांचाही उजवा हात छातीच्या वर जात नाही. ज्यांना काही झाले ते अर्थात सभेत बोलायला येत नाहीत. शिवाय तेव्हा मोसमात चार-सहा सामने असत. आता एकेक पोरगा आठवड्याला तीन रात्री तीन गावांच्या मैदानांवर असतो, कधी मातीवर, कधी मॅटवर.

दुसरा आक्षेप खर्चाचा. डॉक्टर कोठून आणायचा, गाडी कोठून आणायची? या प्रश्नावर मला खरोखर हसू येते. दिवे आणता, भिंती हादरतील असे कर्णे आणता, मोबाइलवर थेट सामना दाखवणारे कॅमेरे आणता, चषक माणसाच्या उंचीचे आणता. कमानीवरच्या फलकातून दोन पुढाऱ्यांची डोकी कमी केली तर एका रात्रीची रुग्णवाहिका सहज उभी राहील.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मला सुचलेला नाही. तो त्या पोराचाच आहे. गेल्या आषाढात पनवेलच्या एस.टी. स्थानकावर तो भेटला. पाऊस कोसळत होता, दोघेही अडकलो होतो. बोलता बोलता मी त्या रात्रीचा विषय काढला; इतकी वर्षे काढला नव्हता. तो म्हणाला, "सर, त्या दिवशी तुम्ही मला बसवलं असतं ना, तर मी तुम्हाला शिव्या घातल्या असत्या."

मी विचारले, "आणि आता?"

तो हसला. "आता घालत नाही, एवढंच."

खेळाडूची स्वतःची इच्छा आहे, तुम्ही कोण अडवणारे? हाच तो आक्षेप. मी त्यावर पुष्कळ विचार केला. मुष्टियुद्धात ठोसे खाणाऱ्याची इच्छा असतेच. तरी कडेला बसलेला डॉक्टर लढत थांबवू शकतो. कुस्तीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत डॉक्टरला तोच अधिकार आहे. रग्बीत डोक्याला मार बसल्याची शंका आली की खेळाडूला बाहेर काढून तपासतात, आणि तपासणीत तो उतरला नाही तर त्याने कितीही आर्जवे केली तरी आत सोडत नाहीत. या साऱ्यांनी एक गोष्ट मान्य केली आहे की सामन्याच्या रंगात माणसाला स्वतःचे हित कळत नाही, ते दुसऱ्या कोणी तरी त्याच्या वतीने कळून घ्यावे लागते आणि त्याबद्दल शिव्याही खाव्या लागतात. पंचाला मानधन मिळते ते त्या शिव्यांचे. मी त्या रात्री मानधन घेतले आणि शिव्या टाळल्या.

दरवर्षी १५ जुलैला, बुवा साळवींच्या जन्मदिनी, आपण कबड्डी दिन साजरा करतो. हार होतात, भाषणे होतात. १९३६ साली अमरावतीच्या मंडळींनी बर्लिनला हा खेळ नेला ते सांगितले जाते, १९९० च्या बीजिंगपासूनची आशियाई सुवर्णपदके मोजली जातात. मीही ती मोजतो आणि २०१८ साली इराणकडून हरलो तेव्हा मलाही रात्रभर झोप आली नाही. पण त्या दिवशी व्यासपीठावर एकदा तरी खांदे गेलेल्यांना बसवावे. एका तालुक्याचे बोलावले तरी खुर्च्या पुरायच्या नाहीत.

यंदाच्या मोसमासाठी एका गावच्या मंडळाने मला पुन्हा पंच म्हणून बोलावले. मी होकाराबरोबर एक कागद पाठवला. मैदानावर सामना संपेपर्यंत डॉक्टर आणि गाडी हवी. ज्याचा खांदा उतरेल तो त्या स्पर्धेत पुन्हा खेळणार नाही, त्याच्या जागी बदली खेळाडू येईल, आणि हा निर्णय पंचाचा राहील, संघाचा किंवा खेळाडूचा नव्हे. ज्याचा पूर्वी उतरला आहे त्याने अस्थिरोगतज्ज्ञाचा दाखला आणल्याशिवाय त्याचे नाव यादीत घेऊ नये. मग त्याला व्यायामावर भागो वा शस्त्रक्रिया करून सुमारे सहा महिने बसावे लागो. प्रवेश शुल्कातला आणि बक्षिसातला काही भाग बाजूला काढून त्यातून सर्व खेळाडूंचा विमा उतरावा. आणि समालोचकाने उतरलेल्या खांद्यावर एक अक्षरही बोलू नये.

मंडळाचे सचिव भले गृहस्थ आहेत. त्यांनी दूरध्वनी करून सांगितले, "सर, विम्याचे पाहू, गाडीचेही पाहू. पण चांगला गडी एकदा खांदा उतरला म्हणून बाहेर बसवायचा, हे गावाला पटणार नाही." मी म्हटले, गावाला विचारून पाहा. त्यानंतर पंधरा दिवस झाले. स्पर्धा मार्गशीर्षात आहे. पत्रक छापून आले आहे आणि पंचांच्या नावांची ओळ त्यात कोरी ठेवलेली आहे.